बाई वजा, साहेब अधिक

११ ऑगस्ट, सोमवार. सकाळच्या चहाआधी मी गाडीच्या मागच्या सीटवरून कांद्याची दोन पोती उतरवत होते. आठवडाभर ती पोती पट्टा लावून माणसासारखी बसली होती आणि गाडीला वखारीचा वास यायला लागला होता. शेजारचे अण्णा गॅलरीत दात घासत उभे होते. कांद्याला गिऱ्हाईक मिळालं का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कांद्यांचं शिक्षण पूर्ण झालं, आज कमलची परीक्षा आहे. अण्णा आत निघून गेले. माझ्या उत्तरांवर ते हल्ली फार विचार करत नाहीत.

मी मोटार चालवायला शिकवते. आधी सांगलीत शिकवत होते, नवऱ्याची बदली झाल्यापासून साताऱ्यात. भौतिकशास्त्र घेऊन बी. एस्सी. झाले तेव्हा शाळेत शिकवीन असं ठरवलं होतं. शाळेत जागा निघाली नाही, आणि त्याच सुमाराला सांगलीतल्या एका मोटार ट्रेनिंग स्कूलला बायकांच्या बॅचसाठी बाई हवी होती. मी गेले. पदवी वाया गेली, असं माहेरचे बरीच वर्षं म्हणत राहिले. मला तसं कधी वाटलं नाही. शाळेत मी बल, वेग आणि त्वरण फळ्यावर शिकवलं असतं आणि पोरं झोपली असती. माझ्या गाडीत आजवर कुणी झोपलेलं नाही.

लोकांना वाटतं, गाडी शिकवणं म्हणजे गिअर आणि स्टेअरिंग. ते हाताला सवयीनं येतं. गोंधळ होतो तो वर सांगितलेल्या तीन गोष्टींचा. वेग म्हणजे स्पीडचा काटा कुठं आहे. त्वरण म्हणजे तो काटा किती झरझर हलतो आहे. आणि बल म्हणजे काटा हलवणारा जोर, मग तो पुढं ढकलणारा असो की मागं ओढणारा. त्वरण हा शब्द आमच्या भागात दहावीच्या परीक्षेनंतर कुणी तोंडातून काढत नाही. पण त्याला आमच्याकडे चोख शब्द आहे, पिकअप. ‘गाडी पळती लय, पण पिकअप न्हाई’ असं कुठलाही माणूस चहाच्या टपरीवर सांगतो, आणि त्या एका वाक्यात वेग आणि त्वरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्यानं मान्य केलेलं असतं. फक्त त्याला पुस्तकातला शब्द सांगायचा नाही. सांगितला की तो लगेच नापास होतो.

‘ॲव्हरेज’ या शब्दानं मात्र माझा घात केला. कुपवाडच्या एका कारखान्यात काम करणारी मुलगी माझ्याकडं शिकायला यायची. रोज स्कूटीवरून ये-जा करणारी, धीट. तिला समजावं म्हणून मी विचारलं, घरून कारखान्यात येताना तुझा ॲव्हरेज वेग किती पडतो? ती म्हणाली, पंचेचाळीस देते, सर्व्हिसिंग केली की पन्नास. मी म्हटलं, अगं, मी लिटरला विचारत नाही, तासाला विचारते आहे. तिनं माझ्याकडं दयेनं पाहिलं. तासाला पेट्रोल कोण मोजतं मॅडम, असं म्हणाली. तेव्हापासून मी सरासरी हा विषय सोडून दिला.

त्याऐवजी मी तांब्या आणला. साधा स्टीलचा तांब्या, काठोकाठ भरलेला, दोन सीटच्या मधल्या खाचेत ठेवलेला. गाडी एका वेगात सरळ चालली आहे तोवर पाणी गप्प असतं, काटा वीसवर असो की साठवर. वेग वाढायला लागला की पाणी मागं चढतं, ब्रेक लावला की पुढं. म्हणजे तांब्याला वेग कळत नाही, वेगातला बदल तेवढा कळतो. सांडला की समजायचं, तुमच्या पायानं जास्त जोर केला. सांगलीत लोकांना हे समजायला वेळ लागला. पहाटेच्या बॅचला बायका गाडीत बसून, तांब्या घेऊन, गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्याला निघाल्या आहेत, हे पाहून रस्त्याकडेची माणसं काय समजायची ते मी लिहीत नाही. एकानं तर सरळ सांगितलं की सरकारनं आता घरोघरी सोय केली आहे, एवढं लांब जायचं कारण नाही.

विट्याचे एक शेठ दिवाळीच्या सुट्टीत माझ्याकडं आले होते. तिकडं लांब कुठल्याशा शहरात त्यांचं सोनं गाळायचं दुकान. नवी मोठी गाडी घेतलेली, सुट्टी थोडी. ते म्हणाले, मॅडम, स्पीड मला नको, पिकअप शिकवा. माणूस हुशार होता, पण पांढरी पँट घालून आला होता. मी त्यांना काटा चाळीसवर धरून डावं वळण घ्यायला सांगितलं. काटा त्यांनी खरंच हलू दिला नाही. पाणी मात्र उजवीकडं उसळलं आणि त्यांच्या मांडीवर गेलं. शेठ भडकले. काटा हलला नाही म्हणजे बदल नाही, बदल नाही म्हणजे पाणी सांडायला नको, तांब्यात खोट आहे, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, वेगाला नुसता आकडा नसतो, दिशाही असते. तुम्ही आकडा धरून ठेवलात आणि दिशा बदललीत, त्यालाही जोर लागला, तो टायरनं रस्त्याकडून घेतला. शेठ थोडा वेळ ओल्या पँटकडं बघत बसले. मग म्हणाले, पटलं, पण हे कोरडं सांगता आलं असतं.

एवढ्या वर्षांत किती जणींना लायसन मिळवून दिलं त्याची मोजदाद मी ठेवली नाही. ठेवून करायचं काय? सांगलीला गेले की त्यातल्या बऱ्याच जणी आजही बाजारात भेटतात, लायसन कपाटात आहे म्हणतात. गाडी दारात आहे, किल्ली मात्र नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या खिशात. शिकलेला जोर लावायला गाडीच नाही. याचं मला वाईट वाटतं, आणि वाईट वाटून घेण्यापेक्षा मी हल्ली नाव नोंदवतानाच विचारते, शिकल्यावर किल्ली कुणाची?

कमलला विचारलं तेव्हा ती म्हणाली, “त्येच तर ठरायचंय, बाई.”

साताऱ्याजवळच्या एका चढावरच्या गावात ती राहते. गावाचं नाव लिहीत नाही, कारण तिथले सरपंच दिवाळी अंक वाचतात. चाळिशीची बाई, किरकोळ अंगाची, बोलायला तडफदार. ग्रामपंचायतीची कचऱ्याची ढकलगाडी गल्लोगल्ली फिरवण्याचं काम ती कित्येक वर्षं करत होती. यंदा पंचायतीला कचऱ्यासाठी छोटा टेम्पो मिळाला. टेम्पो आला आणि ढकलगाडी बंद झाली, म्हणजे कमलचं काम बंद झालं. तिच्या बचत गटानं ठराव केला की टेम्पो कमलच चालवील. सरपंच हसले, पण नाही म्हणाले नाहीत. म्हणाले, पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत कमलनं ड्रायव्हिंगची परीक्षा पास झाल्याचा कागद दाखवावा, किल्ली तिच्या हातात देतो, नाहीतर माझा पुतण्या तयार आहे. पुतण्याकडं लायसन होतं आणि दुसरं काहीच काम नव्हतं. टेम्पो तोवर ताडपत्रीखाली झाकून ठेवला.

परीक्षेची तारीख मिळाली ती अकरा ऑगस्टची. नापास झालं तर पुन्हा परीक्षेला बसायला आठवडा थांबावं लागतं. तेवढ्यात पंधरा तारीख उलटून जाणार. तेव्हा जे काय व्हायचं ते एकदाच.

पहिल्या दिवशी मी तिला हायवेशेजारच्या सपाट रस्त्यावर नेलं. कमल रेसवरचा पाय उचलेना. गाडी वेग घेत गेली, ती घाबरली, आणि मग दोन्ही पाय ब्रेकवर. तांब्या रिकामा झाला. पुन्हा भरला, पुन्हा तेच. मी म्हटलं, वेग पुरेसा झाला की पाय सैल करत जा. ती म्हणाली, “आवं, सोडला की थांबंल न्हवं?”

हे तिच्या ढकलगाडीनं तिला शिकवलं होतं. ढकललं की चालते, सोडलं की थांबते, म्हणजे जोर आहे तेवढाच वेग. शिकलेल्या माणसांचंही असंच मत असतं, फक्त ते बोलून दाखवत नाहीत. मी तिला पाय पूर्ण उचलायला लावला. गाडी चालतच राहिली, हळूहळू मंदावत बरीच पुढं गेली. कमल पायाकडं बघायची, मग रस्त्याकडं.

“जाती की,” ती म्हणाली. कुणीतरी इतकी वर्षं फसवल्यासारखा चेहरा झाला होता.

मी विचारलं, ढकलगाडीच्या चाकांना तेल कधी घातलं होतंस? ती म्हणाली, तेल पंचायतीनं द्यायचं, पंचायतीनं कवा दिलं न्हाई. मग मी सांगितलं, सपाट रस्त्यावर एका चालीनं ढकलताना तुझा सगळा जोर त्या गंजलेल्या चाकांशी भांडण्यात जात होता. तू पुढं ढकलायचीस तेवढंच चाकं मागं ओढायची, फिट्टंफाट. म्हणून वेग होता तेवढाच राहायचा. दोघांच्या भांडणात जो उरतो, तो जोर वेग बदलतो. तुझा उरला तर पिकअप, त्यांचा उरला तर गाडी मंदावते. कमलनं यावर फक्त एवढंच म्हटलं की तेलाचं तिला आधी कळलं असतं तर ती सरपंचांच्या दारात बसली असती.

पुढचा धडा चढाचा. सांगलीत असताना मला चढ शिकवायला नदीवरच्या पुलाकडं जावं लागायचं, त्यातही मागून ट्रक भोंगे वाजवत. साताऱ्यात ती अडचण नाही, इथं घरातून बाहेर पडलं की चढ नाहीतर उतार. परीक्षेत चढावर गाडी थांबवून पुन्हा पुढं न्यायची असते आणि ती मागं घरंगळता कामा नये. निम्मी माणसं इथंच पडतात. चढावर मी कमलला क्लच अर्धा आणि रेस थोडी, अशी गाडी धरून ठेवायला लावली आणि विचारलं, आता जोर किती लागतोय? ती म्हणाली, काय न्हाई, थांबली की. मी म्हटलं, मग इंजिन का कण्हतंय?

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, “आमच्या देवळापशी चढ हाय. तितं भरल्याली गाडी सुटू नये म्हणून पाठ लावून हुबी ऱ्हायचे. गाडी हलायची न्हाई, पर मी कण्हायचे.”

त्यानंतर मला तिला फार सांगावं लागलं नाही. उलट तीच मला विचारायला लागली. ढकलगाडी पहिल्या गल्लीत रिकामी असते तेव्हा जरा ढकललं की उडी मारते, शेवटच्या गल्लीत तेवढ्याच जोराला ती जागची हलत नाही, आणि एकदा हलली की लवकर आवरत नाही, हे तिच्या खांद्यांना पाठ होतं. जोर तोच, वजन दुप्पट, तर पिकअप निम्मा. हे मी सांगितल्यावर तिला एक नवाच नाद लागला. मी गाडीत बसले की ती विचारायची, बाई, तुमचं वजन किती? मी म्हणायचे, गाडी चालव. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. रेस किती द्यायची ते गाडीत कोण बसलंय त्यावर ठरतं, हे मीच शिकवलं होतं, त्यामुळं मला रागावताही येईना. आकडा मी दिला नाही. प्रत्येक ज्ञानाला एक मर्यादा असते.

आता परीक्षा घ्यायला दोन साहेब आळीपाळीनं येतात. एक शेवग्याच्या शेंगेसारखे, दुसरे भारदस्त. कोण येणार हे आदल्या दिवशी कळत नाही. म्हणून मी कांद्याची पोती आणली. पोती काढून शेंग साहेब, पोती ठेवून भारदस्त साहेब. कमलनं दोन्ही साहेबांना चढावरून इतक्यांदा नेलं की शेवटी शेवटी पोत्यांना ती ‘साहेब, धरून बसा’ म्हणायची.

सोमवारी मैदानावर पोचलो तर भारदस्त साहेब. यांची एक पद्धत आहे, ती पोती आणताना मी विसरले होते. शिकवणाऱ्याला ते खाली उतरवतात आणि स्वतः त्याच्या जागी बसतात. आमच्या बाजूला जादा ब्रेक आणि क्लच असतात, आणि आमच्या धंद्यात काही पाय फार परोपकारी असतात, हे त्यांना ठाऊक आहे. मी उतरले. कमलनं माझ्याकडं पाहिलं आणि तिच्या डोक्यात काय चाललंय ते मला स्पष्ट दिसलं. पोत्यांच्या वेळी मी गाडीत होते. आता मी नाही, पोती नाहीत, साहेब आहेत. बाई वजा, साहेब अधिक. आणि दोन्हींपैकी एकही आकडा तिच्याकडं नाही.

साहेब बसले, गाडी डावीकडं कलली. त्यांनी पट्टा ओढून लावला आणि म्हणाले, चला. कमलनं हात जोडून विचारलं, “साहेब, तुमचं वजन किती?”

मैदानावर रांगेत उभी असलेली माणसं वळून बघायला लागली. खिडकी उघडी होती, सगळ्यांनी ऐकलं होतं. साहेबांनी मान हळूच वळवली आणि विचारलं, कशाला? कमल म्हणाली, “रेस किती द्याची ते ठरवाया.”

रांगेतला एकजण खोकला. मी गाडीपासून दोन पावलं मागं सरकले आणि माझा या बाईशी संबंध नाही असा चेहरा करायचा प्रयत्न केला, पण गाडीवर दोन्ही बाजूंना माझंच नाव होतं. साहेब म्हणाले, गाडी चालवा.

आठचा आकडा तिनं छान काढला. मागं घेतली, खांबांना लागली नाही. मग चढ. मध्यावर थांबली, हँडब्रेक ओढला. मी खालून बघत होते आणि माझा डावा पाय जमिनीवर नसलेला क्लच दाबत होता. तिनं क्लच सोडला, गाडीनं एक हिसका दिला आणि इंजिन बंद पडलं.

रेस कमी पडली होती. पण गाडी मागं आली नाही, हँडब्रेक तिनं सोडलेला नव्हता. साहेबांनी काहीतरी विचारलं. कमल काहीतरी बोलली. मग साहेब तिच्याकडं किंचित झुकले, तोंडाजवळ हात धरून काहीतरी पुटपुटले आणि सरळ होऊन समोर बघायला लागले. कमलनं गाडी चालू केली. इंजिनाचा आवाज चढला, हँडब्रेक खाली गेला आणि गाडी दुधाच्या किटलीतलं दूध हिंदकळू नये तशी वर गेली. तांब्या तिथं नव्हता, पण असता तर सांडला नसता.

साहेब उतरून माझ्याकडं आले. म्हणाले, “बाई, तुमची विद्यार्थिनी काय म्हणाली माहितीये? ‘तुमी वजन सांगितलं न्हाई म्हणून अंदाजानं धरलं, आन् मान राखून कमी धरलं.’” त्यांना हसायचं नव्हतं, पण पोट ऐकत नव्हतं. “चढावर गाडी मागं आली नाही. पास आहे. पण मी सांगितलेला आकडा तिनं कुठं बोलता कामा नये.” मी शब्द दिला. कमलनं तो आकडा मला लगेच सांगितला, पण मी तो छापणार नाही.

मंगळवारी सकाळी मी फाटक उघडलं तर कमल दारात उभी. पास झाल्याचा कागद सरपंचांना दाखवून आली होती. किल्ली ग्रामसभेतच देतो असं ते म्हणाले होते, तोवर तिनं टेम्पोवरची ताडपत्री काढून घडी घालून ठेवली होती आणि टेम्पो धुतला होता. तिचं म्हणणं, काल हिशेब कुठं चुकला ते बघायला पाहिजे. साहेबांचा आकडा हाय, तुमचा न्हाई. टेम्पो तर गल्लीगल्लीला जड होत जाणार, मग माणसाचंच वजन अंदाजानं धरता आलं नाही तर कचऱ्याचं काय धरणार?

मी पुष्कळ टाळलं. शेवटी गाडी काढली. हायवेला एक वजनकाटा आहे, हंगामात तिथं उसाच्या ट्रॉल्यांची रांग असते, एरवी चहाच्या टपरीवर माणसं बसलेली असतात. कमलनं गाडी काट्यावर चढवली. काटेवाल्याच्या खिडकीवर, टपरीच्या बरोबर समोर, हातभर उंचीचे लाल आकडे पेटले. कमल म्हणाली, “आता तुमी उतरा.”

मी उतरले. टपरीवरच्या सगळ्यांनी माना वर करून आकडे खाली येताना पाहिले. काटा दहा-दहा किलोंनी मोजतो. त्यात माझा फायदा झाला की तोटा, ते मी सांगणार नाही.

कमल स्टेअरिंगवर बोटं ठेवून वजाबाकी करत होती. मग खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणाली, “हितं चुकलं बगा. तुमाला मी लय जास्त धरलं हुतं.”

म्हणजे साहेबांचा मान राखून कमी, आणि माझं मात्र वाढवून. मी काही बोलणार एवढ्यात तिनं गाडी सुरू केली आणि माझ्याशिवायच काट्यावरून उतरवली, जराही हिसका न देता. पुढं जाऊन थांबली आणि ओरडली, “बाई, तुमी नसला की पिकअप बेस हाय.”

मी टपरीवर गेले आणि दोन चहा सांगितले. साखर नेहमीएवढीच.